सावकाश प्रेमाचे व्याज

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली, आणि शिंप्याला द्यावे तसे मापही दिले. काळ ऐंशीच्या दशकातला, स्थळ कॉलेज, प्रेम मंद आचेवरचे. ‘हल्लीसारखे झटपट नको. तेव्हाचे, पवित्र!’ असे वर बजावले. मी कथा दिली नाही. तिच्या जागी हे भांडण देत आहे. फराळाच्या ताटात कारल्याची फोड आली म्हणून वाचकांनी रागावू नये. पुढच्या पानांत गोड पुष्कळ असेल.

माझी लायकी आधीच सांगून टाकतो. मी दहावी झालेला, जुन्या बोलीत मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, आणि गेली वीस वर्षे शाळेत पोरांना सुरईची सावली कोणत्या बाजूला पडते ते शिकवतो आहे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी मी कधी चढलो नाही. पण वयाच्या सातव्या वर्षी कॉलेजातल्या एका प्रेमाचा मी टपालवाला होतो, आणि त्या अधिकाराने बोलतो आहे.

या कथा आपण सारेच ओळखतो. पाऊस, ग्रंथालय, गॅदरिंग. पहिल्या वर्षी तो तिच्याकडे पाहतो, दुसऱ्या वर्षी वही मागतो, तिसऱ्या वर्षी छत्री देतो, आणि शेवटच्या पानावर तिची बस सुटते. वाचक सुस्कारा टाकतो : काय दिवस होते!

काय दिवस होते ते विचारा ना! १९८१ साली ‘एक दुजे के लिये’ आणि ‘लव्ह स्टोरी’, १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’. थिएटरे भरून वाहत होती ती याच पोरापोरींनी. या चित्रपटांतले प्रेम काय मंद आचेवरचे होते? भडकाच होता तो! त्या पिढीला घाई नव्हती हे मला कुणी सांगू नये. घाई होतीच, पडद्यावर ती बघायला मिळत होती, गावात परवडत नव्हती. आणि पडद्यावरसुद्धा, या तिघांपैकी दोन चित्रपटांत घाई करणारी जोडी शेवटी मरते.

परवडत का नव्हती? घरात टेलिफोन नाही. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. पत्र पाठवावे, तर मुलीच्या नावाचे पत्र घरातला पहिला हात फोडणार. पळून जाऊन कायदेशीर लग्न करावे, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा तीस दिवसांची नोटीस मागतो, आणि ती कचेरीच्या फळ्यावर लागते, जाणाऱ्या-येणाऱ्या भाऊबंदांनी वाचावी म्हणून! एकोणीस वर्षांची मुलगी १९७८ च्या कायद्याने लग्नाला लायक होती. मत देण्याचे वय मात्र १९८९ पर्यंत एकवीस होते. म्हणजे तिचे लग्न लावता येत होते, तिचे मत विचारायला हरकत नव्हती इतकेच.

आता माझी टपालकी. माझी आत्या तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तो गावातलाच, बी.कॉम.चा, आमच्याहून वरच्या आळीतला. आळी म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. दर रविवारी ग्रंथालयाचे एक पुस्तक मी त्याच्याकडे पोचवी आणि दुसरे आणी. आत चिठ्ठी कधीच नसे. एखाद्या ओळीच्या बाजूला पेन्सिलीचा बारीकसा ठिपका असे, बस्स. दीड वर्ष ते दोघे ठिपक्यांनी बोलले. माझी हमाली दोन लिमलेटच्या गोळ्या.

१९८७ च्या जानेवारीत कॉलेजचे गॅदरिंग झाले, आणि फिशपाँडच्या डब्यातून एक चिठ्ठी निघाली. दोघांची नावे एका चारोळीत गुंफलेली. सभागृह हसले. कथांमध्ये हा प्रसंग फार गोड असतो. आमच्याकडे तो तीन दिवसांत ओट्यावर पोचला. आजोबांनी मला मांडीवर घेतले, गोळी कोण देतो ते विचारले, आणि मी हसत नाव सांगितले. फेब्रुवारीचा एसटीचा पास आत्याला काढू दिला नाही. मे महिन्यात लग्न. त्याच फिशपाँडाबद्दल त्याच्या पाठीवर मित्रांनी थाप मारली. तो पदवीधर झाला, नोकरीला लागला, आणि आता बॅचच्या मेळाव्यात ‘आमच्या वेळचे प्रेम’ या विषयावर सुरेख बोलतो म्हणे.

मुलगेही भीत होते, असे कुणी म्हणेल. भीत होते, आणि जिथे मुलाची आळी खालची तिथे तर त्याच्या जिवावर बेतत होते. ते मी नाकारत नाही. पण आमच्या लेखकांनी त्या भीतीला लाज म्हटले, नाइलाजाला संयम म्हटले, आणि दोन्हीला चांदणे लावले. कर्ज दोघांनी काढलेले, व्याज मात्र एकटी मुलगी भरत राहिली, आणि कथेत त्या खात्याचे पान कुणी उघडत नाही.

मीही उघडले नव्हते. माझ्या पहिल्या कादंबरीत असेच एक कॉलेज आहे, पाऊस आहे, नायिका शेवटी ‘नशिबाने’ दूर जाते. मोठ्या कौतुकाने आत्याला प्रत नेऊन दिली. आठ दिवसांनी तिने ती परत केली. म्हणाली, “चांगलं लिहिलंयस रे. पण हिचा पास कुणी बंद केला, ते पान कुठाय?”

त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही. सावकाश प्रेम मला आवडते. दीड वर्ष ठिपक्यांवर जगणारी माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यांची टिंगल माझ्या हातून व्हायची नाही. म्हणून संपादकमहाशय, कथा तुम्हांला देईन, पण एसटीच्या पासाच्या खिडकीपासून सुरू होणारी, आणि गोळी चघळणारे ते पोर तिच्यात असेल. पहिले प्रकरण आत्याकडे वाचायला दिले आहे. काल त्यातली चार पाने परत आली. तिसऱ्या पानावर, नायिका लाजून खाली बघते त्या ओळीच्या बाजूला, पेन्सिलीचा एक ठिपका आहे.