वलांडीवरचा पाऊस

ओला बोंबील म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. त्यामुळे होडीतून उतरला की त्याला दोनच वाटा : लगेच बाजार, नाहीतर वलांडी. वर्सोवा कोळीवाड्यात बांबूच्या उंच वलांड्यांवर दोऱ्या ताणलेल्या असतात. कोळणी दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. हात इतके सरावलेले, की बोलता बोलता दोरी भरते. कडक ऊन आणि कोरडा वारा मिळाला तर तीन-चार दिवसांत माल तयार. मध्येच पाऊस आला तर बोंबील मऊ पडतो, वास मारतो, बुरशी धरतो. मग त्याला कोण विचारणार?

पावसाळा सरला की पार मे महिन्यापर्यंत उन्हाचा भरवसा असायचा. अरबी समुद्र तापत चालला, त्यावरची वादळं वाढली आणि तो भरवसा गेला. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आलं. २०१९च्या दिवाळीत क्यार, त्याच्या पाठोपाठ महा. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला मुंबईत धो धो पाऊस. २०२५ मध्ये तर मान्सूनच २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. आगोटीची बेगमी करायचे हेच दिवस. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या बंद, तेव्हा घर चालतं ते या सुक्या मासळीवर.

वेधशाळेचा इशारा येतो तो होड्यांसाठी : समुद्रात जाऊ नका. त्याने जीव वाचतात, त्याचं मोल मोठंच आहे. पण होड्या सुखरूप बंदराला लागल्या की कोळीवाडा वादळातून सुटला, असं आपण बाहेरचे समजतो. दोरीवरचा माल मात्र तिथंच असतो. ताडपत्री टाकली तर वारा अडतो आणि बोंबील आतल्या आत घामेजतो. सौर वाळवणी यंत्रं चांगली आहेत, पण डोल जाळ्याच्या एका चांगल्या खेपेचा माल मावेल एवढी मोठी कुठं असतात? शिवाय यातला बराच माल बायकांनी स्वतःच्या पैशाने, कधी उसनवारीने घेतलेला. होडीचं नुकसान डोळ्यांना दिसतं, हे दिसत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, ही फार चांगली गोष्ट झाली. आता अवकाळीने शेतातल्या पिकाचं नुकसान झालं की जसा पंचनामा होतो, तसा वलांडीवरच्या बोंबलाचाही व्हावा, आणि त्यावर नाव होडीमालकाचं नव्हे, माल घेणाऱ्या बाईचं लागावं. तोही पाऊस थांबल्याबरोबर व्हायला हवा, कारण कुजलेला माल कुणी पंचनाम्याची वाट बघत दोरीवर ठेवत नाही. दोन दिवसांनी गेलेल्या अधिकाऱ्याला तिथं मोकळ्या दोऱ्याच सापडणार.