विश्लेषण : परळच्या ओल्या कचऱ्यावर ‘ब्लॅक सोल्जर’ माशीचा उतारा चालेल?

दररोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या किंवा २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावावी, असा आग्रह मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०१७ पासून धरला. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेल्या परळमध्ये अशी संकुले कमी नाहीत. मात्र खत करायचे तर जागा, वेळ आणि वास या तीन अडचणी येतात. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या त्यावर उपाय ठरू शकतात का?

ही माशी कोणती?

शास्त्रीय नाव हर्मेटिया इल्युसेन्स. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता भारतातही आढळते. काळी, लांबट आणि गांधीलमाशीसारखी दिसत असली तरी ती डंख मारत नाही. प्रौढ माशीला अन्नाची गरज नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती जगते. त्यामुळे घरमाशीसारखी ती ताटावर येऊन बसत नाही.

जीवनचक्र कसे असते?

मादी कुजणाऱ्या पदार्थांजवळच्या कोरड्या फटीत शेकडो अंडी घालते. सुमारे चार दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि दोन ते तीन आठवडे अखंड खातात. वाढ पूर्ण झाली की त्या गडद होतात, खाणे थांबवतात आणि कोरड्या जागेकडे सरकतात. पुढे साधारण दोन आठवडे कोषावस्था आणि आठवडाभराचे प्रौढ आयुष्य. उपयोगाची असते ती अळी.

टॉवरमध्ये किती जागा लागेल?

‘इआवॅग’ या स्वित्झर्लंडमधील संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका क्रेटमधील पाच दिवसांच्या १० हजार अळ्या १२ दिवसांत सुमारे १५ किलो ओला कचरा संपवतात. म्हणजे रोजच्या १०० किलोसाठी दररोज सात नवे क्रेट, आणि एका वेळी ८४ क्रेट. एकावर एक रचले तर एका मोठ्या खोलीत मावतील. साध्या कंपोस्टला काही आठवडे ते महिने लागतात. उरलेला भुसभुशीत अवशेष मुरवून खत म्हणून वापरता येतो.

अडचण कुठे आहे?

मुंबईची उष्णता अळ्यांना मानवते. पाऊस अडचणीचा ठरतो. कचरा पाणथळ झाला की अळ्या गुदमरतात आणि वास सुटतो. माश्यांच्या मीलनाला प्रखर प्रकाश लागतो, त्यामुळे ढगाळ दिवसांत अंडी कमी मिळतात. म्हणून पैदास सोसायटीत करण्यापेक्षा लहान अळ्या एखाद्या केंद्रातून आणणे सोयीचे. आणि प्लास्टिक अळ्या पचवत नाहीत. वर्गीकरण नसेल तर सगळाच खटाटोप फसतो.

अळ्यांचे पुढे काय?

सुकवलेल्या अळ्यांत साधारण ४० टक्के प्रथिने असतात. मासे आणि कोंबड्यांच्या खाद्यात त्या मासळीच्या भुकटीची जागा काही प्रमाणात घेऊ शकतात. युरोपीय संघाने अशा प्रथिनांना २०१७ मध्ये मत्स्यशेतीसाठी, तर २०२१ मध्ये कोंबड्या आणि डुकरांसाठी परवानगी दिली. मात्र अशा अळ्यांना स्वयंपाकघरातले उष्टे-खरकटे घालण्यास तिथे मनाई आहे. कारण कचऱ्यातील कॅडमियमसारखे जड धातू अळीच्या शरीरात साठू शकतात आणि मांसाहारी अन्नातून रोगजंतू खाद्यसाखळीत शिरण्याचा धोका असतो.

मग परळसाठी काय?

हाच निकष लावला तर कचऱ्याचे दोन प्रवाह वेगळे करावे लागतील. मंडईतला स्वच्छ भाजीपाला पशुखाद्यासाठीच्या अळ्यांना, तर घरातले खरकटे केवळ कचरा घटवण्यासाठी. सोसायटीने अळ्यांच्या विक्रीतून कमाईची आशा धरू नये. कांजूरमार्गला जाणाऱ्या गाडीतला भार कमी होणे, हाच तिचा खरा फायदा. चाळींचा प्रश्न वेगळा आहे. तिथे क्रेट ठेवायला जागाच नाही. त्यांच्यासाठी वॉर्ड पातळीवर सामायिक केंद्र उभारले नाही, तर ही सोय टॉवरपुरतीच राहील.