उकळूनही उरणारे विष

पंगत उठते, दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा अपुऱ्या पडतात. दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'विषबाधा', 'प्रकृती स्थिर' आणि 'अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठविले' हे ठरलेले शब्द छापून येतात आणि विषय तेथेच संपतो. लग्नघर, आश्रमशाळा, वसतिगृह, सप्ताहाचा महाप्रसाद अशी ठिकाणे बदलतात. बातमी बदलत नाही. विषबाधा हा शब्द वृत्तपत्रे सवयीने वापरीत असली, तरी अनेकदा तो शास्त्रीयदृष्ट्याही नेमका असतो. अशा कित्येक घटनांत माणसाला आजारी पाडतो तो पोटात गेलेला जिवंत जंतू नव्हे, तर त्या जंतूने जेवणाच्या आधीच अन्नात सोडून ठेवलेले विष. जंतू उष्णतेने मरतो; त्याचे विष मात्र मरेलच असे नाही. 'पुन्हा एक उकळी आणली की झाले' या घरोघरीच्या समजुतीला येथेच तडा जातो. ही समजूत केवळ अडाण्यांची नाही. जगातील अत्यंत शिस्तबद्ध समजल्या जाणाऱ्या देशातील एका बलाढ्य दूध कंपनीनेही २००० साली नेमके हेच गृहीत धरले होते.

जपानमधील स्नो ब्रँड ही त्या काळातील आघाडीची दूध कंपनी. ३१ मार्च २००० रोजी होक्काइदो बेटावरील ताइकी येथील तिच्या कारखान्यात वीज गेली. छपरावरचे बर्फ विजेच्या खोलीवर कोसळल्याचे निमित्त झाले आणि सुमारे तीन तास यंत्रे थांबली. प्रक्रियेच्या मध्यावर असलेले दूध काही तास कोमट अवस्थेत पडून राहिले. दुधात थोड्याफार प्रमाणात असणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूला याहून अधिक सोयीची स्थिती कोणती? वीज आली, दूध पुढे गेले, त्याची भुकटी झाली. १ एप्रिलच्या या भुकटीतील काही मालात जंतूंचे प्रमाण कंपनीच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आढळले. माल फेकून देण्याऐवजी तो पाण्यात विरघळवून, अन्य दुधात मिसळून १० एप्रिलला त्याची पुन्हा भुकटी करण्यात आली. तापविण्याच्या प्रक्रियेत जंतू मरतील, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब खरा ठरला. जंतू मेले.

ही भुकटी ओसाका येथील कारखान्यात पोहोचली आणि कमी स्निग्धांशाच्या दुधात मिसळली गेली. जूनच्या अखेरीस उलट्या, पोटात कळा आणि जुलाब यांच्या तक्रारी येऊ लागल्या. कंपनीने माल परत बोलावण्यास आणि जाहीर सूचना देण्यास विलंब लावला. पाहता पाहता रुग्णांची संख्या तेरा हजारांवर गेली. प्रारंभी संशय ओसाका कारखान्यातील एका अस्वच्छ व्हॉल्व्हवर होता. शेकडो कोस दूरच्या, तीन महिन्यांपूर्वीच्या वीजखंडाकडे कोणाचे लक्ष जाणार? ऑगस्टमध्ये ताइकीच्या भुकटीत विष सापडले तेव्हा धागा जुळला. १३० अंश सेल्सिअसच्या क्षणिक तापातून किमान दोनदा जाऊनही ते विष शाबूत होते. पुढे शास्त्रज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार एकेका रुग्णाच्या पोटात गेलेले विष वीस ते शंभर नॅनोग्रॅम होते. म्हणजे ग्रॅमचा एक कोटीवा भाग किंवा त्याहूनही कमी. पत्रकारांच्या प्रश्नांनी त्रासून आपल्यालाही झोप मिळालेली नाही असे सुनावणाऱ्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले.

या प्रकरणाचा सर्वांत बोचणारा भाग मात्र पंचेचाळीस वर्षे जुना आहे. १९५५ साली याच कंपनीच्या होक्काइदोतीलच याकुमो येथील कारखान्यात वीज गेली होती, दूध असेच तुंबले होते आणि त्या भुकटीने टोकियोतील शाळांमधील सुमारे १,९०० मुलांना बाधा झाली होती. जंतू तोच. तेव्हाच्या अध्यक्षांनी काढलेले कठोर शब्दांतील पत्रक नव्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिले जात असे. पुढे ही प्रथा बंद पडली.

स्टॅफिलोकोकस हा जंतू काही परका नाही. तो निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवर असतो; नखुरडे झालेल्या बोटावर, गळवात, गाईच्या दाह झालेल्या कासेत तर विपुल असतो. पेढा वळणारा हात, कणीक मळणारा हात, बटाटे सोलणारा हात हे त्याचे वाहन. अन्न कोमट राहिले की तो वाढतो आणि विष सोडतो. अर्धा तास उकळूनही हे विष टिकू शकते. ते पोटात गेल्यावर आतड्यातील मज्जातंतूंना चेतवून मेंदूतील वांतीकेंद्रापर्यंत निरोप धाडते. म्हणून लक्षणे अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत, इतक्या झपाट्याने दिसतात. भातावर वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचे वांतिकारक विष तर याहून चिवट. १२१ अंशांवर दीड तास तापवूनही ते नष्ट होत नाही, एवढेच सांगितले म्हणजे शिळ्या भाताला फोडणी दिल्याने काय साधते, याची कल्पना यावी. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील चिनी उपाहारगृहांत परतलेल्या भाताने झालेल्या बाधांमुळे हा प्रकार प्रथम वैद्यकाच्या नजरेत भरला.

सर्वच विषांचे वर्तन असे नसते आणि येथे थोडे सावध राहिले पाहिजे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू मोठ्या पातेल्यातील मटणात, रश्शात वा आमटीत वाढतो. त्याचे बीजाणू शिजण्यातून वाचतात. पातेले सावकाश निवत असताना ते जागे होतात आणि दहा मिनिटांच्या आसपास त्यांची संख्या दुप्पट होत जाते. मात्र त्याचे विष प्रामुख्याने माणसाच्या आतड्यात तयार होते व तेथील पेशींना छिद्रे पाडते. तेव्हा वाढण्यापूर्वी असे अन्न खरोखर खदखदून उकळले, तर लाभ होतो. पटकीचा जंतूही आतड्यात शिरल्यानंतरच विष सोडतो. एकच 'जेवणातून बाधा' म्हणून नोंदल्या जाणाऱ्या घटनांमागे अशा भिन्न यंत्रणा असतात आणि कोणती यंत्रणा होती हे कळल्याखेरीज चूक कोठे झाली हे सांगता येत नाही.

जंतू आणि त्याचे विष या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे पटकीच्या बाबतीत सिद्ध करण्याचा मान एका भारतीयाकडे जातो. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली पटकीच्या जंतूंचे द्रावण गाळून त्यातील जंतू काढून टाकले आणि उरलेला निर्जंतुक द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. आतडे पाण्याने फुगले. जंतू नसतानाही रोग उमटला होता. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचविले होते. ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही आणि हयातीत मायदेशानेही त्यांची फारशी दखल घेतली नाही.

डे यांच्या प्रयोगानंतर साठहून अधिक वर्षे उलटली, तरी सार्वजनिक स्वयंपाकघरांचा व्यवहार जंतूभोवतीच फिरतो. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली कीटकनाशक मिसळलेल्या मध्यान्ह भोजनाने २३ मुलांचा बळी घेतला, त्यानंतर वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे या नियमावर भर आला. कीटकनाशकासारख्या उग्र द्रव्यापुरता तो उपयोगी ठरेलही. स्टॅफिलोकोकसच्या विषाने मात्र अन्नाची चव, वास वा रंग बदलत नाही आणि बाधा दिसायला काही तास लागू शकतात. शिक्षक चाखून मान डोलावतील, मुले जेवतील आणि मग सारेच एकदम आजारी पडतील. या नियमाने जबाबदारी निश्चित होते, संरक्षण होतेच असे नाही.

तपासाचेही तेच. फेरगरम केलेल्या अन्नाच्या नमुन्यात जिवंत जंतू शोधले तर ते सापडणार नाहीत आणि अहवालात अन्न निर्दोष ठरेल. ताइकीच्या भुकटीत तरी दुसरे काय झाले होते? युरोपीय संघाच्या नियमांनुसार चीज वा दूध भुकटीत या गटातील जंतू प्रतिग्रॅम एक लाखांहून अधिक आढळले, तर त्या मालाची विषासाठी स्वतंत्र तपासणी सक्तीची आहे. गावजेवणाच्या बाबतीत अडचण त्याहून प्राथमिक असते. आरोग्य पथक पोहोचेपर्यंत पातेली घासून झालेली असतात, उरलेले अन्न जनावरांना घातलेले असते. मग आचारी, पाणी, दूधवाला, क्वचित करणी अशा क्रमाने संशय फिरत राहतो. गरीब आचाऱ्यावर गुन्हा दाखल होतो आणि दुपारी बाराला शिजलेला भात सायंकाळी सातपर्यंत मांडवात का ठेवला होता, हा प्रश्न यजमानाला कोणी विचारीत नाही.

शिजलेले अन्न साठ अंशांच्या वर ठेवा किंवा पाच अंशांच्या खाली न्या, हा नियम कागदावर सोपा आहे. पाचशे पानांच्या पंगतीसाठी एवढा शीतकक्ष कोठून आणायचा? एप्रिल-मेच्या लग्नसराईत विदर्भातील मांडवाचेच तापमान चाळिशी ओलांडते, म्हणजे ते या जंतूंना मानवणाऱ्या पट्ट्यातच असते. तेव्हा व्यवहार्य मार्ग उरतो तो वेळेचा: पंगतीगणिक ताजा घाणा शिजविणे, एकाच मोठ्या डेगीऐवजी उथळ परातींत अन्न पसरून निवविणे आणि हाताला जखम असलेल्याला दुधाच्या पदार्थांपासून दूर ठेवणे. यातले काहीही खर्चिक नाही. गैरसोयीचे मात्र सारेच आहे, कारण नवरदेवाची वरात कधीच वेळेवर येत नाही.

जपानमधील साकाई शहरात १९९६ साली शाळेच्या जेवणातून ओ१५७ या विषारी ई. कोलाय जंतूची बाधा नऊ हजारांहून अधिक लोकांना झाली आणि काही मुले दगावली. त्यानंतर आखलेल्या नियमावलीनुसार मोठ्या स्वयंपाकघरांना प्रत्येक कच्च्या व शिजविलेल्या पदार्थाचा सुमारे पन्नास ग्रॅमचा नमुना उणे वीस अंशांवर दोन आठवडे जपून ठेवावा लागतो. आश्रमशाळांच्या भटारखान्यात एवढ्यासाठी लागेल तो एक लहान डीप फ्रीझर, काही स्वच्छ डबे, तारखेच्या चिठ्ठ्या आणि दोन आठवडे न जाणारी वीज.