नमुना उंदरावरचा, दावा माणसावरचा

कापडाच्या धंद्यात नमुना पाहून सौदा होतो, पण नमुना पाहून पैसे चुकते होत नाहीत. प्रोसेस हाऊसकडून रंगाचा वीतभर तुकडा मंजुरीसाठी येतो. आपण तो उजेडात धरतो, चोळून पाहतो आणि होकार देतो. तरीही पाच हजार मीटर माल रंगून आला की एकेक तागा पुन्हा उघडून बघतो. प्रयोगशाळेतल्या भांड्यात चढलेला रंग मोठ्या यंत्रात हुबेहूब तसाच चढेल, अशी हमी कोणताही शहाणा रंगारी देत नाही. बाजारात उमेदवारी करणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते. मग हाच व्यापारी औषधी अळंबीच्या डब्या विकायला घेतो तेव्हा हा नियम विसरतो कसा, हा माझा सवाल आहे.

आपल्या कापड आणि यंत्रमागाच्या बाजारपेठांत हल्ली साखळी पद्धतीने विकल्या जाणाऱ्या मालात अळंबीच्या कॅप्सूल, पावडर आणि कॉफी यांचा भरणा फार झाला आहे. रेशी, जिला चीनमध्ये लिंगझी म्हणतात. जपानी लोकांच्या रोजच्या जेवणातली शिताके. सिंहाच्या आयाळीसारखी दिसणारी लायन्स मेन. आणि हिमालयातली कीडाजडी, अशी ही नावे. उर्दूत आपण जिला खुंबी म्हणतो त्याच जातकुळीतल्या या वनस्पतींसारख्या दिसणाऱ्या बुरशा आहेत. मधुमेह, रक्तदाब, विसराळूपणा, एवढेच काय कर्करोगही यांनी बरा होतो, असे सांगितले जाते. शंका काढली की एकच दलील पुढे येते, ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे.’

माझ्या गादीवर आलेली अशी एक रंगीत पुस्तिका मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. दावे मोठ्या अक्षरांत होते. ज्यांच्यावर प्रयोग झाला ते उंदीर बारीक अक्षरांत होते.

कोणी असे समजू नये की मी संशोधनाची टिंगल करतो आहे. संशोधन खरे आहे आणि ते करणारे लोक प्रामाणिक आहेत. १९६९ साली जपानमधील गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताकेतून लेंटिनन नावाचा पदार्थ वेगळा काढला. ज्या उंदरांना सार्कोमा १८० नावाची गाठ लावली होती त्यांना तो टोचला, आणि बऱ्याच उंदरांतील गाठी विरून गेल्या. ‘नेचर’सारख्या नामांकित नियतकालिकात ते छापून आले. पुस्तिकेत एवढेच असते. पुढचा हिशेब कोणी सांगत नाही, तो आपण पाहू.

पहिली गोष्ट, लेंटिनन त्या उंदरांना टोचले होते, खाऊ घातले नव्हते. पोटातून गेलेली वस्तू पचनाच्या भट्टीतून जाते, टोचलेली जात नाही. दुसरी गोष्ट, सार्कोमा १८० ही गाठ त्या उंदराच्या अंगात आपोआप वाढलेली नसते, ती बाहेरून आणून लावलेली असते. उंदराचे शरीर तिला परकी समजून स्वतःच झटकू पाहते, आणि कधी कधी औषधाशिवायही ती जिरते. माणसाचा कर्करोग त्याच्या स्वतःच्याच पेशींतून उठतो, शरीराला तो परका वाटत नाही. तिसरी गोष्ट, उंदरांच्या सगळ्या जातींत लेंटिननचा सारखा गुण आला नाही. एका जातीच्या उंदरावरून दुसऱ्या जातीच्या उंदराची खात्री देता येत नाही, तेथे माणसाची कशी देणार?

जपान्यांनी घाई केली नाही. पदार्थ शुद्ध केला, माणसांवर चाचण्या घेतल्या आणि १९८५ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, त्याला औषध म्हणून मंजुरी दिली. तीही कशासाठी? जठराच्या कर्करोगात, जेथे शस्त्रक्रिया शक्य नाही किंवा रोग उलटला आहे तेथे, नेहमीच्या कर्करोगाच्या औषधांच्या जोडीला इंजेक्शन म्हणून. क्रेस्टिन या दुसऱ्या अळंबीजन्य औषधाचीही तीच कथा. त्याला १९७७ साली मंजुरी मिळाली आणि १९८९ च्या फेरतपासणीत त्याचा वापर मुख्य औषधांच्या जोडीपुरता मर्यादित झाला. कोरे कापड पाण्यात घातले की आटते हे आपण जाणतो. उंदरावरचा गुणही माणसापर्यंत येता येता असाच आटतो. लेंटिननचा काही वार तरी शिल्लक राहिला. पुष्कळ पदार्थांचे चिंधीएवढेही उरत नाही.

मधुमेहाचे उदाहरण घ्या, कारण आपल्या घराघरांत हा रोग आहे. १९८५ साली जपानमध्ये हिकिनो आणि सहकाऱ्यांनी रेशीतून दोन पदार्थ वेगळे काढले आणि ते उंदरांच्या पोटात टोचले. रक्तातली साखर उतरली. यातल्या काही उंदरांना ॲलोक्झान नावाचे रसायन देऊन मधुमेह करवलेला होता. हे रसायन इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी थोड्या दिवसांत मारून टाकते. तुमचा माझा मधुमेह असा होत नाही. तो वाढलेल्या पोटाने, दिवसभर गादीवर बसून, घराण्यातून, वर्षानुवर्षे हळूहळू येतो. नाव एक असले तरी माल वेगळा आहे.

मग माणसावर पाहिले का? पाहिले. ऑस्ट्रेलियात ८४ लोकांवर चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. या लोकांना मधुमेह होता आणि त्यासोबतचे वजन-रक्तदाबाचे विकारही होते. काहींना रोज ३ ग्रॅम रेशी, काहींना रेशीसोबत कीडाजडी आणि काहींना दिसायला तशीच पण पोकळ कॅप्सूल, असे १६ आठवडे दिले. कोणाला काय मिळते हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही नव्हते. निकाल असा की तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीत फरक पडला नाही. १९८५ चा उंदीर प्रत्येक पुस्तिकेत आहे, २०१६ चा माणूस मला एकाही पुस्तिकेत सापडला नाही.

विसराळूपणासाठी विकल्या जाणाऱ्या लायन्स मेनचे पारडे त्या मानाने जड आहे. २००९ साली जपानमध्ये ५० ते ८० वयाच्या, स्मरणशक्ती थोडी मंदावलेल्या ३० जणांवर चाचणी झाली. १६ आठवडे रोज सुमारे ३ ग्रॅम पावडर घेणाऱ्यांचे गुण पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाढले, पण बंद केल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. हे आशादायक आहे, नाकारू नये. पण तीस माणसे म्हणजे बाजार नव्हे, तो एक ताका आहे.

आता मात्रेचा हिशेब करू, कारण हिशेब हे आपले शास्त्र आहे. १९९० च्या दशकात स्लोव्हाकियातील बोबेक आणि सहकाऱ्यांनी रॅट जातीच्या मोठ्या उंदरांच्या चाऱ्यात शेकडा ५ या प्रमाणात वाळलेली धिंगरी अळंबी मिसळली आणि त्यांचे कोलेस्टेरॉल उतरलेले पाहिले. माणूस दिवसाला कोरड्या वजनाने अर्धा किलो अन्न खातो असे धरा. त्याचे शेकडा ५ म्हणजे २५ ग्रॅम वाळलेली धिंगरी. ताज्या अळंबीत शेकडा ९० च्या आसपास पाणी असते, म्हणजे ताजी पाव किलो झाली. अर्ध्या ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मांडले तर रोज ५० कॅप्सूल. डबीवर लिहिलेले असते, ‘सकाळी एक, रात्री एक.’ उंदराचा निकाल दाखवायचा आणि पंचविसावा हिस्सा माल द्यायचा, याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

बरे, त्या कॅप्सूलमध्ये तरी काय असते? २०१७ साली अमेरिकेतल्या बाजारातून रेशीचे १९ नमुने घेऊन तपासले गेले. लेबलाला जागणारे फक्त ५ निघाले. काही ठिकाणी अळंबीचे तंतू धान्यावर वाढवतात आणि धान्यासकट दळून पावडर करतात, त्यामुळे वजनात पिष्टच जास्त भरते. कापडाला भरपूर खळ देऊन वजन वाढवायची युक्ती आपल्याला नवी नाही. पहिल्या धुण्यात ती उघडी पडते. कॅप्सूलला धुणे नसते, म्हणून ती उघडी पडत नाही.

कोणी म्हणेल, ‘गुण नाही आला तरी नुकसान तर नाही ना?’ हा मोठा गैरसमज आहे. रेशीची पावडर घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे हाँगकाँग आणि थायलंडमधील डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलेले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही वस्तू घेणे धोक्याचे आहे. पण खरे नुकसान दुसरेच आहे. माझ्या ओळखीच्या एका मागकामगाराने डब्यांच्या भरवशावर साखरेची गोळी बंद केली. गोळी महिन्याला थोड्या पैशांत मिळत होती, डबी तिच्या कितीतरी पट महाग होती. काही महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि तो माग सोडून घरी बसला. डबी विकणारा त्याचाच नातेवाईक होता. आता दोन्ही घरांचे येणे-जाणे बंद आहे.

साखळीचा धंदा असा असतो. पहिले ग्राहक घरचे, मग गल्लीतले, मग जमातीतले. कापड फिके निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते, येथे माणसाची तब्येत जाते आणि नाते जाते. चार पिढ्यांनी जमवलेला भरवसा आपण दुसऱ्याच्या मालावर शिक्का म्हणून मारून देतो.

कायद्याचीही बाजू आहे. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा रोगांची यादीच दिलेली आहे. अमुक वस्तूने हे रोग बरे होतात अशी जाहिरात करणे गुन्हा आहे, आणि जाहिरात या शब्दात पत्रक, लेबल, इतकेच काय तोंडी केलेली घोषणाही येते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा पूरक पदार्थांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. म्हणजे डबी एक सांगते आणि विकणारा दुसरेच. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी माणसे जोडण्यावरच कमाई होणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदी घातली आहे. प्रकरण अंगाशी आले की वरची कंपनी हात झटकते आणि पावतीवर नाव तुमचे असते.

मला सांगण्यात येते की घरी बसून चार पैसे मिळवणाऱ्या बायाबापड्यांच्या पोटावर मी पाय देतो आहे. तसे नाही. अळंबी जरूर विका, पण भाजी म्हणून विका. धिंगरी भाताच्या पेंढ्यावर वाढते, गिरणीतल्या टाकाऊ कापसावरही वाढते, आणि थोडक्या जागेत तिचे पीक निघते. हिमाचलमधील सोलन येथे केंद्र सरकारची अळंबी संशोधन संस्था आहे आणि कृषी विद्यापीठांतून लागवड शिकवली जाते. टाकाऊ कापूस ज्यांच्या दाराशी पडतो त्यांनी या धंद्याकडे पाहायला हरकत नाही. त्यात नफा थोडा असेल, पण तो झोप उडवणारा नसेल.

तोवर कोणी ‘सिद्ध झाले आहे’ म्हणाला की त्याला पाच गोष्टी विचारा. कोणत्या जातीची अळंबी? प्रयोग कोणावर, उंदरावर की माणसावर? टोचली की खायला दिली? किती दिली, आणि तुमच्या कॅप्सूलमध्ये किती आहे? माणसावर चाचणी झाली असेल तर किती लोकांवर, आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांशी तुलना केली होती का? सूत घेताना काऊंट विचारायला आपण लाजत नाही, मग येथे लाजण्याचे कारण नाही.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, उंदराने आपले काम केले आहे. त्याने शास्त्रज्ञाला सांगितले की पुढे शोधण्यासारखे काही आहे. माणसाला गुण येईल, असे त्याने कोणालाही सांगितलेले नाही. ते सांगणारे आपणच आहोत, आणि जबाबही आपल्यालाच द्यावा लागणार आहे.