वकिलातीच्या आधी आपले दफ्तर

परदेशी अडकलेल्या आपल्या माणसासाठी वकिलातीने काय केले आणि काय करावयास हवे होते, याची चर्चा आपल्याकडे तावातावाने होते. परंतु त्या वकिलातीच्या हाती जे कागद पडतात ते मुळात कोठे व कोणाच्या लेखणीने तयार झाले, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघतो. पारपत्राचे अर्ज भरून देणारे, दाखले साक्षांकित करून आणणारे, परवानाधारक भरती-मध्यस्थ आणि नोटरीचे काम पाहणारे वकील हाच या मासिकाचा वाचकवर्ग असल्यामुळे तो प्रश्न येथे सरळ विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वाणिज्यदूतांच्या कर्तव्यांची व्याप्ती लहान नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या पाचव्या कलमात पारपत्रे व प्रवेशपरवाने देण्याबरोबरच संकटग्रस्त नागरिकास साह्य करणे, नोटरी व जन्ममृत्यूच्या निबंधकाचे काम पाहणे, अज्ञान नागरिकांचे हितरक्षण करणे आणि मृताच्या मिळकतीवरील वारसांच्या हक्कांची काळजी वाहणे ही कामेही सांगितली आहेत. छत्तिसावे कलम तर अटकेतील परदेशी माणसाला त्याचा हक्क विनाविलंब कळविण्याचे बंधन घालते; आणि कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ अशा बहुमताने पाकिस्तानकडून त्या कलमाचा भंग झाल्याचा निर्णय दिला, तेव्हा या कोरड्या भासणाऱ्या शब्दांत किती बळ आहे हे सर्वांच्या ध्यानी आले. परंतु हे बळ वापरण्यासाठी दूताला आधी आपला माणूस कोण, हे निश्चित ठाऊक असावे लागते. पारपत्रात एक नाव, शाळेच्या दाखल्यात दुसरे, आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव, आणि अरबी लिपीत उतरताना त्यांतील निम्मे गळालेले, अशी स्थिती असली म्हणजे तुरुंगाच्या यादीतील इसम आणि घरच्यांनी अर्जात लिहिलेला इसम एकच, हे सिद्ध करण्यातच दिवस जातात.

याहून दुःखद प्रसंग मृत्यूचा. रत्नागिरी-रायगडकडचा एखादा कामगार कुवेतमध्ये अपघातात गेला, तर रुग्णालयाचा दाखला, पोलिसांचा अहवाल व पारपत्राची प्रत यांजबरोबर घरच्या निकटच्या वारसाचे नोटरी केलेले संमतिपत्र वकिलातीला लागते: पार्थिव मायदेशी आणावयाचे की तेथेच अंत्यविधी करावयाचा, आणि पुढील व्यवहाराचा अधिकार कोणास दिला आहे, हे त्यात स्पष्ट हवे. आता पारपत्रात पत्नीचे नाव माहेरचे आणि आधारपत्रावर सासरचे असेल, आणि घाईघाईने मसुदा करणाऱ्याने दोन्हींचा मेळ घालणारे एक वाक्य लिहिले नसेल, तर कागद परत येतो व देह शवागारात राहतो. थकलेला पगार आणि नुकसानभरपाई यांसाठीच्या मुखत्यारपत्राचीही हीच कथा. ते एक वाक्य लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. विधवेने तालुक्याच्या कचेरीत घातलेले हेलपाटे मात्र कोणी भरून देत नाही.

भरतीच्या व्यवसायातील बंधूंना याहून स्पष्ट सांगणे भाग आहे. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात नोकरीसाठी पाठवताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या मंजुरीबरोबरच दोन वर्षांसाठी अवघ्या २७५ रुपयांच्या मूळ हप्त्यात प्रवासी भारतीय विमा योजनेचे, अपघाती मृत्यूसाठी दहा लाखांचे, संरक्षण त्याला मिळते. हा मार्ग टाळून भेटीच्या व्हिसावर त्याला विमानात बसविणारा मध्यस्थ त्याचा वेळ वाचवीत नाही. तो त्याचा विमा, त्याचा नोंदलेला करार आणि वकिलातीच्या दफ्तरातील त्याची ओळख, ही तिन्ही एकदमच काढून घेतो. शिवाय कायद्याने ठरविलेल्या तीस हजार रुपयांच्या मोबदल्याऐवजी लाखभर उकळण्याची जी वहिवाट काही ठिकाणी पडली आहे, तिला आम्ही लूट म्हणतो आणि तिचे समर्थन करणारा एकही मजकूर या मासिकात येणार नाही.

खिडकीच्या पलीकडील अधिकाऱ्यांकडेही आमचे एक मागणे आहे. कागद परत करताना त्यातील सर्व त्रुटी एकाच वेळी, लेखी आणि अर्जदाराला समजेल अशा भाषेत सांगाव्यात. आज एक आणि पंधरवड्याने दुसरी, असे होऊ नये. भिवंडीहून वा मालवणहून रजा टाकून आलेल्या माणसाला तेवढे मागण्याचा अधिकार आहे.

या अंकात संमतिपत्र, मुखत्यारपत्र आणि नावांतील तफावतीचे प्रतिज्ञापत्र यांचे मराठी मसुदे, इंग्रजी प्रतींसह, छापले आहेत. ते वापरताना जेथे अडचण येईल, किंवा एखाद्या वकिलातीने निराळा नमुना मागितला असेल, तेथील तपशील वाचकांनी महिनाअखेर कळवावा, म्हणजे पुढील अंकात दुरुस्त पाठ देता येईल.