मोठ्या वयाचा कॉकाटील घरी आणा

पक्षी पाळायचं घरात नक्की ठरलं असेल, तर दुकानात जाण्याआधी प्राण्यांच्या शेल्टरमध्ये एक चक्कर मारा. कुत्र्यामांजरांच्या पलीकडे, बहुधा मागच्या खोलीत, पिंजरे ठेवलेले असतात. त्यांत एखादा कॉकाटील दिसेल: पाचसहा वर्षांचा, पिसं विस्कटलेली, माणूस जवळ आला की दांडीच्या टोकाला सरकून फिस्स करणारा. लोक त्याच्यासमोरून पुढे जातात आणि ‘पिल्लू आहे का?’ असं विचारतात. माझी विनंती आहे, तुम्ही त्याच्यापाशी थांबा.

कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा ते वीस वर्षं जगतो. सहाव्या वर्षी तो म्हातारा झालेला नसतो. शेल्टरमध्ये येण्यात त्याचा काही दोषही नसतो. मुलांच्या हट्टापायी तो आणला जातो, मग कुणाचं दहावीचं वर्ष येतं, कुणाची बदली होते, शिट्ट्यांनी शेजारी वैतागतात. पिंजरा हॉलमधून बाल्कनीत जातो आणि तिथून वॉशिंग मशीनच्या मागे. वाटीत बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया पडत राहतात, त्यामुळे घरच्यांना सगळं बरं चाललंय असंच वाटतं.

बरं चाललेलं नसतं. त्याचे तळपाय बघा. वर्षानुवर्षं एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर बसून ते लाल, चकचकीत झालेले असतात. पुढे तिथेच जखम होते. नाकपुड्यांभोवती कधी सुकलेला चिकटा दिसतो. नुसत्या बियांतून अ जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही आणि त्याचा फटका नाक-घशाच्या अस्तराला बसतो. तेलकट बियांनी यकृतात चरबी साठते. छातीवरची पिसं त्याने कंटाळून, घाबरून स्वतःच उपटलेली असतात. यातलं बरंचसं सुधारतं. पिसं मात्र परत येतीलच असं नाही. मूळच दुखावलं असेल तर छाती कायमची उघडी राहते. असा पक्षी फोटोत सुंदर दिसत नाही, पण सोबत करायला त्याच्यात काहीच कमी नसतं.

घरी आणण्याआधी पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधून ठेवा. सिटॅकोसिस हा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो, म्हणून तपासणी टाळू नका. घरात दुसरा पक्षी असेल तर नव्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा. कॉकाटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात कुणाला दमा असेल तर मन घट्ट करा आणि हा पक्षी आणू नका. मग नाइलाजाने त्याला परत पाठवणं फार वाईट.

खाणं एका रात्रीत बदलू नका. अनोळखी अन्नाला तोंड न लावता तो उपाशी राहू शकतो. नेहमीच्या बियांबरोबर थोडी बारीक चिरलेली मेथी, किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला, वाफवलेला लाल भोपळा ठेवत जा. तो आधी ते फेकून देईल. ठेवत राहा. सकाळी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर त्याचं वजन करा, कारण पक्षी आजार लपवतो आणि वजनातली घट आधी दिसते. अव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून असा तवा घरातच नको. आणि पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी छताचा पंखा बंद करा, खिडक्या लावा. गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या धुऊन बसवा.

आता त्याच्याशी जमवायचं कसं? त्याचा तुरा वाचायला शिका. तुरा डोक्याला चिकटलेला आणि फिस्सकार म्हणजे मागे हो. ताठ उभा म्हणजे तो दचकलाय. अर्धवट कललेला, सैल असेल तर जीव थाऱ्यावर आहे. सुरुवातीला हात पिंजऱ्यात घालूच नका. संध्याकाळी पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचा, भाजी निवडा. त्याच्याकडे टक लावून बघू नका. आवाज ओळखीचा झाला की राळ्याचं कणीस गजांमधून लांब धरा. तो मान लांब करून एक दाणा ओढेल आणि लगेच मागे जाईल. तेवढं पुरे, त्या दिवशी आणखी काही मागू नका. याला आठवडे लागतात, कधी महिने. काही पक्षी हातावर कधीच येत नाहीत. खोलीत तुमच्याबरोबर बसून चोच घासत राहतात. तेही स्वीकारा. ज्याला सतत हाताळायला खेळणं हवंय, त्याने पक्षी आणूच नये.

दोन गोष्टी कायद्याच्या. आपला देशी हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे; तो पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. कुठे अडकवलेला दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कॉन्यूर हे परदेशी पक्षी असले तरी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी लागते, तेव्हा दत्तक घेताना कागद मागून घ्या. कॉकाटील आणि बजी त्या यादीत नाहीत.

आणि कॉकाटीलला ‘मोकळा सोडून’ पुण्य मिळवायचा विचार कृपा करून करू नका. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इथे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला. त्याला अन्न शोधता येत नाही आणि कावळे त्याला जगू देत नाहीत.

शेल्टरवाले तुम्हाला बरंच विचारतील, कदाचित घर बघायलाही येतील. राग मानू नका. हा पक्षी एकदा परत आलेला आहे, पुन्हा येऊ नये म्हणून ते विचारतात. गणपतीत आणि मे महिन्यात गावी जाल तेव्हा त्याचं कोण बघणार, तेवढं घरात बसून आधी ठरवा आणि मग त्यांना फोन करा.