काला अंबचा नकाशा घरच्या संगणकावर

पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी उभं राहिलं की १७६१ च्या लढाईत आपलं मराठा सैन्य नेमकं कुठे होतं, हे शोधताना नजर सैरभैर होते. हौशी प्रोग्रामरने हा प्रश्न घरी जरूर हाती घ्यावा. महागडं यंत्र लागत नाही; जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, क्यूजीआयएस हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर आणि जोडीला पायथन एवढं पुरतं. रस्ते, कालवे ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्यावेत, जमिनीचे चढउतार नासाच्या २००० सालच्या रडार मोहिमेतून. मात्र यमुनेची आजची रेघ १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईच्या नकाशावर ओढू नये. अडीच शतकांत पात्र सरकलं आहे. बखरींतली वर्णनं वेगळ्या थरात ठेवावीत, म्हणजे मोजलेलं आणि ऐकलेलं यांची भेसळ होणार नाही. नकाशासाठीचा पायथन कोड लिहायला मला विम हा एडिटरच आवडतो. ब्रॅम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये जगाला दिला आणि मोबदल्यात युगांडातल्या मुलांसाठी मदत मागितली; अशा मनाच्या माणसाचं हत्यार वापरताना हुरूप येतो. तुम्ही नकाशा केलात, तर फाइलसोबत आधारग्रंथांची नावंही जरूर ठेवा.